शिल्पामागचा विचारही छापून यावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या शहर पानावर गेल्या आठवड्यात एका शिल्पप्रदर्शनाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार कुटुंबातली आणि सध्या मुंबईत शिल्पकलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणारी एक विद्यार्थिनी आपली वर्षभराची कामे नाशिककरांसाठी मांडून बसली होती. छायाचित्राखाली ठिकाण आणि वेळ दिलेली होती, ती वाचूनच माझ्यासारखे अनेक जण तिथे पोहोचले, त्याबद्दल आपले मनापासून आभार. मात्र छायाचित्रात दिसणारे वाकलेले लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा आणि अधांतरी टांगलेले वेलीचे खोड हे सगळे कशासाठी आहे, याविषयी त्यात एक ओळही नव्हती. परिणामी येणारे बहुतेक लोक दारातच विचारत होते की हा पुतळा कोणाचा आहे. असे विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. आपल्याकडे शिल्प म्हटले की चौकातला पुतळा डोळ्यांपुढे येतो, आणि पुतळ्याच्या बातमीत चेहऱ्याचे साम्य, चौथऱ्याची उंची आणि अनावरण करणाऱ्यांची नावे यापलीकडे फारसे काही छापून येत नाही. विद्यार्थ्याच्या कामाला यातले काहीच लागू पडत नाही. त्याच्या मुळाशी एक प्रश्न असतो, आणि तो वाचकाला सांगितला नाही तर छायाचित्र पाहूनही वाचक कोराच राहतो. या प्रदर्शनातले प्रश्न तर थेट आपल्या जिल्ह्याचे, आपल्या नदीचे आणि आपल्या गल्ल्यांचे होते. ते वाचकांपर्यंत जावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले तर सांभाळून घ्यावे.

मी निवृत्त कलाशिक्षक आहे. ही विद्यार्थिनी माझ्या वर्गात कधी नव्हती आणि तिच्या कुटुंबाशी माझा परिचय नाही. तिच्याशी आणि तिच्या वडिलांशी प्रदर्शनातच सविस्तर बोलणे झाले, आणि तिने टेबलावर सर्वांसाठी उघडी ठेवलेली कामाची वही मी वाचली. पुढे जे लिहीत आहे त्याचा आधार एवढाच आहे.

छायाचित्रातल्या कामापासूनच सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याविषयी झाला. द्राक्षबागेचा मांडव ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे ठाऊक असते की तो वाय आकाराच्या लोखंडी अँगलवर आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलेल्या तारांवर उभा असतो. खोडापासून निघालेले ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या, तारेवर बांधलेले असतात, आणि घड भरले की त्या सगळ्या वजनाचा ताण तारांमधून कडेच्या अँगलवर येतो. हंगामात बाग भरलेली असताना वादळी वारा आणि गारपीट आली, एका कोपऱ्यातला ताण सुटला, तर तेवढाच कोपरा पडत नाही. रांगेमागून रांग त्याच दिशेला झोपते. या मुलीच्या घरची बाग अशीच पडली. पडलेल्या बागेतले वाकलेले अँगल भंगारात देण्याआधी तिने ते मागून घेतले आणि त्यांतून माणसाच्या उंचीच्या आकृत्यांचा एक समूह उभा केला. एकही अँगल तिने सरळ केला नाही किंवा कापला नाही. वाऱ्याने आणि वजनाने लोखंडाला जो बाक दिला होता तोच आकृतीच्या पाठीचा किंवा मानेचा बाक ठरला. आकृत्या स्वतःच्या पायावर उभ्या नाहीत. तारांनी एकमेकींना ओढून धरल्यामुळे त्या उभ्या राहतात, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एक वाळलेले खोड जमिनीला न टेकता तारांवर तोललेले आहे.

वहीतील पहिली रेखाटने पाहिली तर हे काम सुरुवातीला वेगळेच होते हे दिसते. डोक्याला हात लावून बसलेला शेतकरी, डोळ्यांत पाणी, शेजारी पडलेली वेल, असे ते चित्र होते. शिक्षकांनी ते मान्यही केले होते. पुढे काय घडले ते समजण्यासाठी मातीत शिल्प कसे घडते हे थोडे सांगावे लागेल. ओली माती जड असते आणि ती स्वतःच्या वजनाने खाली सरकते, म्हणून मोठी आकृती करताना आधी लोखंडी सळ्या आणि तारा यांचा सांगाडा उभारतात. त्याला शिल्पकार आर्मेचर म्हणतात. माती धरून ठेवण्यासाठी त्या सांगाड्याला तारेने लाकडाचे छोटे आडवे तुकडे टांगतात आणि मग त्यावर माती चढवतात. काम पूर्ण झाल्यावर हा सांगाडा कोणालाच दिसत नाही, पण तो कमजोर असेल तर काम पूर्ण होण्याआधीच मान झुकते, खांदा तुटतो. रडणाऱ्या शेतकऱ्यासाठी तिने सांगाडा उभारला, तो माती चढण्याची वाट पाहत वर्गात काही दिवस तसाच राहिला, आणि तो पाहता पाहता तिला आपल्या बागेचा मांडव आठवला. मांडव हाही सांगाडाच आहे. फरक एवढाच की तो वेलीच्या बाहेर असतो. वेल, घड आणि वर्षभराची मेहनत या सगळ्यांचे वजन तो पेलत असतो, आणि तो पडेपर्यंत त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मग तिने माती चढवलीच नाही. दुःखी चेहरा काढून टाकला आणि वजन कशावर उभे असते हा प्रश्न तेवढा ठेवला.

हा बदल मला फार मोलाचा वाटतो. कलाशिक्षणात आपण मुलांना विषय देतो, आणि विषयाला साजेशी भावना चेहऱ्यावर आली की काम उत्तम झाले असे मानतो. या मुलीने भावना चेहऱ्यावरून काढून तारांच्या ताणात नेली. प्रदर्शनात आलेल्या एका बागायतदाराने काहीही न विचारता पहिल्यांदा तारेवर बोट दाबून ताण पाहिला आणि मग कडेच्या आकृतीची तार भिंतीत कशी अडकवली आहे ते तपासले. शहरातल्या आम्हा मंडळींना जे समजावून घ्यावे लागले ते त्या माणसाच्या हाताला आधीच ठाऊक होते. एक उणीव मात्र नोंदवतो. दोन अँगलना तिने लाल रंग दिला आहे, तो नको होता. गंजाचा मूळ रंग पुरेसा बोलका असताना वरून दिलेला रंग पाहणाऱ्याला काय वाटले पाहिजे ते सांगू लागतो, आणि बाकीच्या कामात तिने जो संयम राखला आहे त्याला तिथे बाधा येते.

वजन आणि आधार हा विषय नाशिकला नवा नाही. पांडवलेण्यातील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, जिथे सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध शिलालेख आहे, त्या लेण्याच्या दर्शनी भागात ओवरीखालच्या तुळया खांद्यावर घेतलेले यक्ष कोरले आहेत. जमिनीतून छातीपर्यंतच वर आलेल्या त्या आकृत्या आपल्या शेकडो सहलींनी पाहिल्या असतील. वास्तविक डोंगर कोरून काढलेल्या लेण्याला असा आधार लागतच नाही, कारण ते सगळे एकाच अखंड खडकाचे आहे. तरीही इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या त्या कारागिरांना हे वजन कोणीतरी पेलत आहे असे दाखवावेसे वाटले. वहीत या यक्षांची रेखाटने आहेत, आणि त्यांच्या खांद्यांची रेषा आणि वाकलेल्या अँगलची रेषा शेजारी शेजारी काढून पाहिलेली आहे. ज्या शहराच्या वेशीवर असे शिल्प आहे तिथे तिच्या कामाला परके मानण्याचे काही कारण नाही. अलीकडचे उदाहरण द्यायचे तर मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने गंज, नट-बोल्ट आणि आतील चौकट यांविषयी कितीतरी दिवस वाचले. तोपर्यंत पुतळ्याच्या आत काय असते याचा विचार सामान्य वाचकाने क्वचितच केला असेल. एक विद्यार्थिनी तोच आतला भाग बाहेर काढून आपल्यापुढे ठेवते, तेव्हा त्याची दखल छायाचित्राखालच्या एका ओळीपेक्षा मोठी असायला हवी.

दुसरे मोठे काम गोदावरीच्या पुराचे होते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की आपण सगळे नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतो. पाणी गुडघ्याला लागले, कंबरेला लागले, गळ्यापर्यंत आले, या भाषेतच नाशिकचा पूर मोजला जातो. होळकर पुलाजवळ मोजलेले क्युसेकचे आकडे बातम्यांत येतात, परंतु घराघरांत बोलले जाते ते मारुतीचेच. म्हणजे या शहरात एक शिल्प असे आहे की ज्याचे शरीर हीच आपली मोजपट्टी झाली आहे, आणि जगात अशी उदाहरणे फार नसतील. या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न साधा होता. मारुतीची मूर्ती माणसापेक्षा कितीतरी उंच आहे, तेव्हा मारुतीच्या कंबरेला लागलेले पाणी त्याच जागी उभ्या असलेल्या माणसाच्या कुठे लागेल? तिने प्रदर्शनाच्या एका भिंतीवर दोन पट्ट्या आखल्या होत्या. एका पट्टीवर मारुतीच्या घोट्याची, गुडघ्याची, कंबरेची आणि गळ्याची पातळी होती, तर शेजारच्या पट्टीवर त्याच पातळीला सर्वसाधारण उंचीच्या माणसाचा, आणि खाली लहान मुलाचा, कोणता अवयव येतो ते दाखवले होते. लोक आपोआप भिंतीला पाठ लावून उभे राहत होते आणि मारुतीच्या कंबरेची रेषा आपल्या डोक्यावरून जाते हे पाहून गप्प होत होते. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर ज्यांनी सराफ बाजारात किंवा भांडी बाजारात दुकान सांभाळत काढले, त्यांना या भिंतीचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

भिंतीसमोर एका उथळ पत्र्याच्या हौदात कच्च्या मातीचे, गुडघ्यापर्यंतचे मानवी पाय उभे केले होते. माती कुंभारवाड्यातून आणलेली होती आणि पाय भाजलेले नव्हते. हौदात ती रोज थोडे पाणी वाढवत असे. मातीचा एक गुणधर्म इथे कामाला आला आहे. कच्ची माती पूर्ण वाळलेली असेल आणि तिला पाणी लागले तर ती बुडबुडे सोडत फुटते आणि थोड्याच वेळात तिचा गाळ होतो. तीच माती ओलसर असेल तर पाण्यात बराच काळ तग धरते. शाडूची मूर्ती घरी विसर्जित करणाऱ्यांनी हे पाहिलेले असते. तिने काही पाय पूर्ण वाळवले होते, तर काही ओल्या फडक्यात गुंडाळून ओलसर ठेवले होते. वरून सगळे सारखेच दिसत होते, पण पाणी चढू लागताच वाळलेले पाय आधी खचले. नदीशी रोजचा ओलावा ठेवणारे आणि नदीकडे पाठ फिरवून कोरडे झालेले, असा त्याचा अर्थ मी लावला. तिने मात्र कोणताही अर्थ फलकावर लिहिलेला नव्हता, फक्त मातीचा गुणधर्म लिहिला होता. मला हे योग्य वाटते. पदार्थ कसा वागतो हे प्रामाणिकपणे सांगितले की अर्थ लावण्याचे स्वातंत्र्य पाहणाऱ्याकडे राहते. प्रदर्शन संपताना हौदात नुसता गाळ उरला होता आणि तो वाळवून, चाळून पुन्हा वापरण्यासाठी तिने गोण्यांत भरला. विकता येणार नाही, दिवाणखान्यात ठेवता येणार नाही आणि पुढच्या वर्षी जसेच्या तसे दाखवताही येणार नाही असे शिल्प करायला धैर्य लागते, विशेषतः ज्या वर्षी पदवीचे गुण मिळायचे आहेत त्या वर्षी.

तिसरे काम मापाने लहान होते, पण त्याची कल्पना मला सर्वांत नेमकी वाटली. जुन्या नाशकातील एक वाडा पाडला जात असताना मालकांच्या परवानगीने तिने त्यातल्या देवळ्यांत प्लास्टर ओतले. देवळी म्हणजे भिंतीतला रिकामा कोनाडा; तिथे दिवा असे, कधी देव असे, कधी किल्ल्या आणि पत्रे असत. प्लास्टर घट्ट झाल्यावर जो भरीव आकार निघाला तो त्या रिकाम्या जागेचा होता. त्यावर दिव्याची काजळी उमटली आहे, चुन्याच्या गिलाव्याचे थर चिकटून आले आहेत, एका देवळीत तर बोटाने पुसल्याची खूण स्पष्ट दिसते. रिकाम्या जागेचा साचा काढण्याची कल्पना तिची स्वतःची नाही, आणि ते तिने वहीत मोकळेपणाने लिहिलेही आहे. लंडनमध्ये १९९३ साली रेचल व्हाइटरीड या शिल्पकर्तीने पाडायला काढलेल्या एका अख्ख्या घराच्या आतल्या पोकळीचे काँक्रीटमध्ये शिल्प केले होते आणि पुढच्याच वर्षी ते पाडण्यात आले. परंतु या विद्यार्थिनीने त्या कल्पनेत आपल्या वर्गातले एक ज्ञान मिसळले, आणि त्यामुळे काम तिचे झाले.

शिल्पाच्या वर्गात वेस्ट मोल्ड नावाची पद्धत शिकवतात. मातीच्या मूळ आकृतीवर प्लास्टरचा साचा घेतात, माती काढून टाकतात, आत पुन्हा प्लास्टर भरतात आणि मग बाहेरचा साचा छिन्नीने फोडून आतली प्रतिमा मोकळी करतात. साच्याच्या पहिल्या पातळ थरात नीळ मिसळलेली असते. छिन्नी चालवताना निळा थर दिसला की प्रतिमा जवळ आली आहे, आता हात हलका ठेवायचा, ही त्याची सूचना असते. या पद्धतीत साचा एकदाच वापरता येतो, कारण प्रतिमा मिळवण्यासाठी तो मोडावाच लागतो. वाडा पाडताना तिला हेच दिसले. वाडा हाच साचा होता आणि तो फुटणारच होता, तेव्हा फुटण्यापूर्वी आत काहीतरी भरून ठेवावे एवढेच तिच्या हाती होते. भिंत फोडणाऱ्या मजुरांना तिने प्लास्टरभोवतीचा निळा रंगवलेला पट्टा दाखवून ठेवला होता, आणि तो दिसला की त्यांनी पहार बाजूला ठेवून हातोडी घेतली. जुन्या नाशकातले वाडे एकामागून एक जात आहेत. त्यांची छायाचित्रे आणि मोजमापे घेतली जातात, ती घेतलीच पाहिजेत, पण त्या घरात किती वर्षे दिवा लागला ते हाताला जाणवावे असे दस्तऐवज मी यापूर्वी पाहिले नव्हते.

तांबट लेनमधील कारागिरांबरोबर केलेल्या तांब्याच्या कामाविषयी थोडक्यात लिहितो. तिने भांडे करून घेतले नाही. एकेका सपाट पत्र्यावर एकेका कारागिराने आपल्या हाताच्या सवयीप्रमाणे फक्त ठोके द्यायचे एवढेच ठरले होते. ठोक्याने धातू पसरतो, मध्य पसरला आणि कडा तशाच राहिल्या की पत्रा आपणहून खोलगट होतो, म्हणून प्रत्येक पत्र्याला आलेला आकार हा ठोकणाऱ्याच्या हाताचाच आकार आहे. तांबे ठोकत राहिले की कठीण होत जाते आणि पुन्हा मऊ करण्यासाठी ते लाल होईपर्यंत तापवून थंड करावे लागते. एक पत्रा तिने मुद्दाम न तापवता ठोकायला लावला आणि तो चिरला तिथेच काम थांबवले. फलकावर तिच्या नावाबरोबर प्रत्येक कारागिराचे नाव तेवढ्याच मोठ्या अक्षरात होते. बस्तरच्या धातू ओतणाऱ्या कारागिरांकडे जाऊन शिकलेल्या मीरा मुखर्जी यांच्यासारख्या शिल्पकर्तीने दाखवलेली ही वाट आहे आणि आपल्याकडे ती अधिक रुळायला हवी. नदीतल्या प्लास्टिकचा ढीग रचून केलेले आणखी एक काम प्रदर्शनात होते, ते मला आवडले नाही. त्यात सांगायचे ते आधीच सर्वांना माहीत होते, आणि ढिगाकडे पाहून पुढे कोणताच प्रश्न पडत नव्हता.

काही प्रेक्षकांचा आक्षेप असा होता की लोखंड, माती आणि प्लास्टर यांत केलेले काम टिकाऊ नाही, खरे शिल्प दगडात किंवा ब्राँझमध्येच होते. ब्राँझचे ओतकाम विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नसते ही गोष्ट बाजूला ठेवली तरी हा आक्षेप इतिहासाला धरून नाही. शांतिनिकेतनमध्ये रामकिंकर बैज यांनी १९३८ साली सिमेंट आणि लाल खडी यांच्या मिश्रणात उघड्यावर उभे केलेले ‘संथाळ कुटुंब’ आज भारतीय आधुनिक शिल्पकलेतला मैलाचा दगड मानले जाते. आपले विनायकराव करमरकर यांनी ब्राँझमध्ये मोठी कामे केलीच, पण अलिबागजवळच्या सासवण्याला त्यांच्या घरी गेले तर सिमेंटमध्ये त्यांनी किती जिवंत आकृती घडवल्या ते पाहायला मिळते. गणपतराव म्हात्रे यांनी ‘मंदिरपथगामिनी’ घडवली ती १८९६ च्या सुमारास, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकत असताना, आणि तीही प्लास्टरमध्ये. त्या विद्यार्थ्याचे नाव सर्वदूर गेले त्याला त्याचे कौशल्य कारण होतेच, पण जाणकारांनी त्या कामाविषयी लिहिले, त्यावर चर्चा झाली, हेही एक कारण होते. नुसत्या छायाचित्राने ते घडले नसते.

म्हणून आपल्याला विनंती आहे की विद्यार्थ्यांच्या कलाप्रदर्शनांची दखल घेताना उद्घाटकांच्या नावांना जेवढी जागा मिळते तेवढी तरी एखाद्या कामामागच्या विचाराला मिळावी. त्यासाठी समीक्षकच हवा असे नाही. वार्ताहराने विद्यार्थ्याला हे काम कोणत्या प्रश्नातून सुरू झाले, ते आधी कसे होते आणि मध्ये काय बदलले, एवढे विचारून घेतले तरी पुष्कळ आहे. विद्यार्थ्यांनाही एक सुचवावेसे वाटते. या प्रदर्शनातले फलक मराठीत होते आणि साध्या वाक्यांत होते, म्हणून द्राक्ष बागायतदारापासून तांबट कारागिरापर्यंत सर्वांनी ते थांबून वाचले. कला महाविद्यालयांतून संकल्पनेची जी टिपणे लिहून घेतली जातात ती बहुधा परीक्षकांसाठी असतात, आणि त्यांतली जड वाक्ये गावाकडून आलेल्या मुलांना स्वतःलाही नीट कळत नाहीत. आपल्या आईला वाचून दाखवता येईल असे टिपण लिहायला विभागांनी शिकवावे.

महापालिकेकडेही आपल्या दैनिकाच्या माध्यमातून एक मागणी पोहोचावी. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात घाटांची, रस्त्यांची आणि सुशोभीकरणाची कामे होत आहेत. त्यात कायमस्वरूपी पुतळे आणि कमानी उभारताना, काही महिन्यांपुरती विद्यार्थ्यांची शिल्पे मांडता येतील अशा दोन-तीन जागा राखून ठेवाव्यात. पुराच्या पट्ट्यांचे काम भिंतीवर आखलेल्या रेषांचे आहे. ते घाटालगतच्या एखाद्या भिंतीवर, दुतोंड्या मारुती जिथून दिसतो अशा ठिकाणी, अगदी कमी खर्चात करता येईल आणि पावसाळ्यात त्याचा प्रत्यक्ष उपयोगही होईल. घाटावर नव्याने येणाऱ्या लाखो भाविकांना मारुतीच्या कोणत्या अवयवाला पाणी लागले म्हणजे आपण मागे हटायचे हे माहीत नसते. वसंत व्याख्यानमालेसाठी मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर श्रोते जमतात, तिथे एक संध्याकाळ अशा विद्यार्थ्यांनी आपल्या कामाविषयी बोलावे आणि कामे शेजारी मांडलेली असावीत, असे आयोजकांनाही सुचवावेसे वाटते.

यात थोडी घाई करावी लागेल. अँगलचा समूह आणि देवळ्यांची प्लास्टरे सध्या तिच्या वडिलांच्या द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये ठेवली आहेत. काढणी सुरू झाली की ती शेड रिकामी करावी लागणार आहे, आणि दुसरी जागा मिळाली नाही तर लोखंड भंगारात द्यावे लागेल असे त्यांनी मला सांगितले. महापालिकेने एखाद्या सभागृहात किंवा उद्यानातील बंद खोलीत ही कामे ठेवण्याची सोय केली तर ती वाचतील. ज्या संस्थेला किंवा वाचकाला अशी जागा देता येईल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत संपर्क साधावा. निरोप त्या कुटुंबापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मी घेतो.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
पंचवटी, नाशिक